गळतीची चाचणी

लॅबच्या जुन्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या बाजूला
यादी लिहितेय, उदगीरला, मार्चअखेरीस.
टाकी : तीन फूट, दीड, दीड. काच बारा मिलिमीटर.
स्टँड लोखंडीच,
कारण पाणीच एकशे नव्वद किलो, त्यात दगड, त्यात वाळू
आणि खाली स्लॅब दुसऱ्याचा.
घरमालक मन्मथअप्पा टाच आपटून बघतात.
"मासे किती ठेवनार?"
सहा महिने एकही नाही, म्हटल्यावर
भाडं वाढवायचं विसरूनच खाली उतरतात.

फेस काढायचं यंत्र. लाटा करणारा पंखा.
निळा दिवा, ज्याच्या किमतीत आमचा फ्रीज आला होता.
हीटर खोडला. इथं समुद्रालाच कूलर लागेल.
चिलर लिहिला, आकडा बघितला,
त्यावर चहाचा कप ठेवला.

इश्तियाकभाई इन्व्हर्टरचा हिशोब करून देतात :
लाट चालेल चार तास, दिवा नाही.
"अंधार चलता मॅडम, दर्या को.
थांबलेलं नाही चालत."
यादीत हे कुठं लिहायचं कळलं नाही.

खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मला ओळखीचा.
तेरा वर्षं त्याच्या काचेवर लघवीचा थेंब ठेवतेय.
समुद्राचा आकडा वाचला आणि हसू आलं :
एक पूर्णांक शून्य दोन पाच.
एप्रिलमध्ये वीटभट्टीवरच्या बायकांचा येतो, तोच.
डॉक्टर त्यांना लिहून देतात, पाणी भरपूर प्यावे.
कुठलं, ते लिहीत नाहीत.

मग आरओ. इथं पेन थांबतं.
एक लिटर शुद्ध, तीन लिटर मोरीत.
मोरीत नाही, बादलीत, मी सांगते, फरशीला, कूलरला, संडासाला.
प्रयागवन्सं बोटं मोडत मोजतात :
"बोअरचं खारं पाणी गोड करायचं,
मंग पार्सलनं खारं मागवून त्याच्यात कालवायचं.
लिटरला पस्तीस ग्रॅम, काट्यावर तोलून.
अन् याला पैशे द्यायचे. कामून गं?"

कामून, ते मालवणला कळलं होतं, एकदाच.
ओहोटी. खडकात परातीएवढं पाणी.
त्यात एक समुद्रफूल. मी बोट लावलं,
त्यानं बोट धरलं.
सुई टोचताना पेशंट माझी बाही धरतात, तसं.
मागं बसवाले हाका मारत होते.

टाकी आली सोमवारी. यादीतली पहिलीच ओळ,
आणि तिच्यापुढे कंसात : आठ दिवस भरून ठेवणे, गळते का बघणे.
टँकरचं पाणी ओतलं. काचेवर मार्करनं रेघ मारली.
रोज सकाळी चष्मा लावून रेघ बघायची.
मंगळवार, रेघेवर. बुधवार, रेघेवर.

गुरुवारी नळाची पाळी होती.
पाइप फुटला म्हणे तोंडारच्या पुढं.
शुक्रवारी माठ वाजला.
शनिवारी सकाळी रेघ पाण्याच्या चार बोटं वर होती.
मी चारी कोपरे पुसून बघितले, स्टँडखाली कागद अंथरला.
कागद कोरडा.
रात्री तांब्याचा आवाज आला, काचेला लागू न देता बुडवलेला.

मी काही बोलले नाही.
रविवारी मीच दोन कळशा काढल्या,
खालून मन्मथअप्पांची सून बादली घेऊन आली,
"मासे नाहीत ना अजून?" विचारून.

आता तळाशी वीतभर उरलंय.
टाकीच्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली : गळत नाही.
प्रयागवन्सं स्टुलावर चढून खांद्यापर्यंत वाकल्यात,
वाटीनं पाणी गोळा करतायत.
काचेतून त्यांचा हात आहे त्याहून मोठा दिसतो,
बांगड्या वर सरकलेल्या,
बोटं उघडतात, मिटतात,
पुन्हा उघडतात.