खबर देणारा

इगर्जीच्या मरणवहीत सात रकाने आहेत.
आजोबांनी आखलेले, बोरूने.
मी नुसती शाई घालत आलो.

निवतीच्या खाली, रापणीच्या दोरापाशी
भरतीने त्याला ठेवला. टाकला नाही, ठेवला,
कुशीवर, हात गालाखाली.
पोलीस आले, पंचनामा झाला.
खिशात तंबाखूची पुडी, कंबरेच्या दोऱ्याला
ट्रंकेची असते तसली लहान चावी.
नौकेवाल्यांना विचारलं. एकेक जण मान हलवून गेला:
आमचो नाय. आमचे सगळे मोजान आसत.

अकरा दिवस तो तालुक्याला बर्फात राहिला,
सुरमईसारखा, पण भाव नसलेला.
मग कागद पंचायतीकडे, पंचायतीकडून आमच्याकडे,
कारण जागा यांच्याकडे आहे, असं कुणीतरी म्हणालं.

कमिटी बसली. खजिनदार बस्त्यांव सुवारिसने विचारलं,
बाप्तिस्म्याचा दाखला?
कुणी हसलं नाही. खरंच विचारलं होतं त्याने.
फादर चष्मा पुसत राहिले.
मी चहा वाटत होतो. आदल्या रविवारी
याच बाकांवर आम्ही सगळ्यांनी मान्य केलं होतं
की माणूस देवाच्या रूपावर घडलाय.
रूप सुजल्यावर काय, ते त्यात नव्हतं.

रुजाय मागच्या दारी आली, पाटी डोक्यावरच.
वाद ऐकला नाही तिने. विचारलं फक्त,
तेचे पाय कोणी धुतले?

दर पवित्र गुरुवारी इथे बारा जणांचे पाय धुतात.
सतरा वर्षं मी त्या बारांत आहे.
आम्ही घरूनच घासून येतो, साबण लावून, नखं कापून,
फादरना त्रास नको म्हणून.
त्याचे पाय कुणी घासून पाठवले नव्हते.
टाचांत जाळ्याची निळी सुतं रुतलेली.
रुजायने एकेक काढलं, पोराच्या पायातला
काटा काढावा तसं, पुटपुटत,
आणि मी तांब्या धरला.
ओतताना हात हलत होता. तिने पाहिलं.
विचारलं नाही.

सांगतो आता.
त्या रात्री दोनला मी लघवीला उठलो होतो.
खडपांच्या पलीकडे एक उजेड तीनदा झाला,
थांबला, पुन्हा तीनदा.
माकुलवाले असतील, म्हटलं.
पाय गार पडले होते. गोधडी अजून ऊबदार होती.

मी खून केला नाही. चोरी नाही.
दहा आज्ञा मी बोटांवर मोजल्या, सगळ्या शाबूत,
फक्त मोजायला घेतलेले हात
त्या रात्री गोधडीत होते.

उंडीच्या झाडाखाली पुरलं. बस्त्यांवला खड्डा
वीतभर तोकडा वाटला, म्हणून
इस्त्रीच्या पँटीसकट तोच आत उतरला.

मग वही.
फादर म्हणाले, नाव: अज्ञात.
टाक थांबला. अज्ञात तो नव्हता.
त्याला त्याचं नाव पाठ होतं,
त्या नावाने कुणीतरी त्याला
उन्हातून जेवायला बोलावलं असेल.
अज्ञात आम्ही होतो, त्याला.
रकाना कोरा ठेवला, खाली दोन ओळी सोडल्या,
लांब असलं तर मावावं,
बापाचं, गावाचं.
मरणाचं कारण: बुडून. खरं आहे. पुरेसं नाही.
शेवटचा रकाना, खबर देणारा.
तिथे लिहिलं, कैतान मिंगेल लोबो,
आणि पुढे बारीक अक्षरात, उशिरा.

चावी वस्त्रांच्या कपाटामागे खिळ्याला आहे.
कुठेतरी एक ट्रंक बंद आहे.

बॅटरीत नवे सेल घातलेत.
रात्री उठलो की पुळणीवर जातो
आणि दिसेल त्या उजेडाला तीनदा विचारतो.
परवा एका होडीतून आवाज आला,
कोण रे तो बॅटरी मारता? गप झोप जा!
आणि वर एक शिवी, चांगली लांब.
बरं वाटलं.
पाय गार पडले. राहिलो उभा.