डावा खांब

गेल्या हंगामात डाव्या खांबाशी सात गोल खाल्ले.
मी मोजले नव्हते. पेठेनं मोजले.
सलूनमध्ये, चहाच्या गाड्यावर,
शिरोलीत लेथवर वाकलेलो असताना
मागून कुणीतरी म्हणायचंच,
"दिलावर, डावीकडं बघ की रं."

मगदूम मॅडमची खोली राजारामपुरीत,
झेरॉक्सच्या दुकानावर.
मैदान नाही, जाळी नाही,
एक काळी फळी आणि तिच्यावर सोळा दिवे.
दिवा पेटला की हात लावायचा. बस्स.
म्हटलं, मॅडम, हे जत्रेतलं खेळणं झालं.
त्या वहीत आकडे लिहीत राहिल्या.
मग म्हणाल्या, "हात वेळेवर आहे तुमचा.
निरोप उशिरा निघतोय."

हे मात्र कळलं.
माझ्या लेथचा जुना पट्टा असाच,
बटण दाबलं की आधी विचार करायचा.

चेंडूकडे बघू नका, म्हणाल्या,
चेंडू सगळ्यात शेवटी सांगतो.
मारणाऱ्याची कंबर बघा,
टेकलेल्या पायाचा पंजा बघा.
आणि रात्री दिवा मालवला की
मनात पन्नास झेपा, सगळ्या डावीकडे,
माती लागू न देता.
घेतल्या. रोज घेतल्या.
एकदा झोपेत बायकोला कोपर बसलं,
तिनं उशी घेतली आणि
दुसऱ्या दिवसापासून माझी उजवीकडे बदली झाली.

फेब्रुवारीत अम्मीचा डावा हात गेला.
गेला म्हणजे जागेवरच होता,
खानावळीत एका बैठकीला साठ भाकऱ्या थापणारा हात,
मांडीवर कुणी विसरून गेलेल्या
पिशवीसारखा पडलेला.
आणि नुसता हात नाही,
तिची डावी बाजूच निघून गेली होती.
ताटात भात बरोबर मध्ये कापल्यासारखा उरायचा,
उजवा संपलेला, डावा गार होत बसलेला.
"भूक संपली," म्हणायची.
खरंच तिला वाटायचं संपला म्हणून.

सोळा दिवे कुठून आणणार?
मंडईतून पाव किलो लिंबं आणली.
पलंगाच्या डाव्या कडेला मांडली, एकेक.
"अम्मी, डाव्या खांबाकडं बघ."
"मी काय गोलकीपर हाय व्हय?"
पहिल्या आठवड्यात दोन सापडली.
तिसरं मी ढकलत ढकलत नाकासमोर आणलं,
तिनं शिवी दिली, तीही अर्धीच,
तोंड वाकडं होतं म्हणून मला हसू आलं
आणि मग बाहेर जाऊन
बराच वेळ मोटारसायकल पुसत बसलो.

एका रात्री म्हटलं, डोळे मिट.
हात हलवू नको. नुसती भाकरी थाप. मनात.
डोळे मिटले तिनं.
बाहेर रिक्षा गेली, शेजारची टीव्हीवरची भांडणं संपली,
मला वाटलं झोपली.
मग म्हणाली,
"पीठ फाटाय लागलंय. पाणी वाईच गरम पायजे हुतं."

मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
काही समजावून सांगितलं नाही,
दिवे तेवढे त्या दिवशी भराभर पेटवले.

उपांत्य सामना. बरोबरी. टायब्रेकर.
गॅलरीतून अख्खी पेठ गळा काढून ओरडत होती,
मला मात्र पंजाच दिसत होता,
बुटाची उसवलेली शिवणसुद्धा.
दोन अडवल्या, दोन्ही डावीकडच्या.
शेवटच्याला कंबर वळली,
मी खात्रीनं झेपलो डावीकडे,
इतक्या खात्रीनं आयुष्यात कधी झेपलो नव्हतो.
चेंडू उजवीकडून गेला.

आता सलूनमध्ये नवीन आहे,
"दिलावर, उजवीकडं बी बघत जा."

घरी आलो, अंगाला मैदान तसंच.
अम्मी जेवून बसली होती.
ताटात भात नव्हता, कुठल्याच बाजूला.
डाव्या बोटांशी एक लिंबू,
वाईट पिळलेलं,
बिया ताटभर.