हद्द कायम

गट नंबर ३१४, तालुका माण.
हिंगणी फाट्यावर उतरून आत अडीच कोस.
सर्जा गोरड, दशरथ गोरड, सख्खे,
बांधाच्या पावणेदोन हातांसाठी
सात वर्षं एकमेकांच्या पोरांच्या लग्नालाही न गेलेले.

दिवसभर मी रोव्हरची काठी घेऊन उन्हात फिरले.
वरून दहा-बारा उपग्रहांनी साक्ष दिली,
खाली दगड पुरला, भोवती चुना ओतला,
पंचांच्या सह्या, एक अंगठा.
दशरथ म्हणाला, "बाई, आता ह्यो हलायचा न्हाई न्हवं?"
नाही, म्हणाले.

शेवटची एसटी चुकली.
अंगणवाडीच्या शेवंताबाईंनी माळवदावर वाकळ टाकून दिली.
जेवण दोन्ही गोरडांकडून आलं,
दोन डब्यांत, एकाच हातवळणाची आमटी.

रात्री एकला लाईट गेली.
चंद्र नव्हताच. वर बघितलं
तर चुन्याची फक्की या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुणीतरी आखताना हात हलल्यासारखी.

मोजणीवालीची खोड, दुसरं काय.
मनातल्या मनात चतुःसीमा लिहायला घेतली:
मिळकत: सूर्य एक, ग्रह आठ, किरकोळ दगडधोंडे, बर्फ.
मुक्काम आकाशगंगा. मोठ्या भुजेवर नव्हे,
मृगाच्या फाट्यावर.
आतल्या अंगाला धनूची भुजा,
बाहेरच्या अंगाला ययातीची.
लगतचे खातेदार नोटीस देऊनही गैरहजर.
मध्य: सव्वीस हजार प्रकाशवर्षं,
दक्षिणेकडे, विंचवाच्या नांगीपाशी,
जिथे मूळ नक्षत्र

आणि इथे थांबले.

माझ्या पत्रिकेत तेच लिहिलंय.
तीन स्थळांनी पोहे संपवून, बशी खाली ठेवून सांगितलं,
मुलगी लाखात एक हो, पण मुळावरची,
सासरा जाईल.
आईने शांत केली, सत्तावीस विहिरींचं पाणी आणलं.
माण तालुक्यात. सत्तावीस विहिरी. पाणी असलेल्या.

आणि हा अख्खा सूर्य
सासरे, मध्यस्थ, पोह्यांच्या बश्या पदरात घेऊन
त्या नांगीच्याच पलीकडे कशाला तरी
प्रदक्षिणा घालतोय. बावीस कोटी वर्षांना एक.
दर सेकंदाला साताऱ्याहून पुण्याला जाऊन माघारी
एवढ्या वेगाने, आणि वाकळ जरासुद्धा सरकत नाही.

मी हसले. एकटीच, मोठ्याने.
खाली कुत्रं भुंकलं. शेवंताबाई म्हणाल्या, "काय झालं गं?"
काही नाही, म्हटलं.

मग तो दगड आठवला.
चुना अजून ओला असेल.
संध्याकाळी पुरल्यापासून साठ लाख किलोमीटर तरी
गेला असेल तो, आणि त्याच्यासंगं
बांध, बांधावरची बाभळ, दोघं भाऊ,
आपापल्या दाराला आतून कडी घालून.
पावणेदोन हात मात्र तेवढेच.

सकाळी दशरथ आला, तोंडही न धुता.
"रातच्याला दोनदा बघून आलो, बाई.
जाग्यावरच हाय."
असणारच, म्हणाले.
पिशवीत फिती भरल्या, काठी खांद्यावर टाकली
आणि पहिल्या गाडीसाठी
फाट्याकडे चालू लागले.