फोर-लो

दापोडीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडखाली
ती जिप्सी उभी होती, हिरव्या रंगाचे तीन थर अंगावर घेऊन.
"लेहची आहे," ढमढेरे म्हणाले, "लिलावातली. बर्फ पाहिलेली गाडी."
इलाही मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला,
पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेले.

फ्रीजवरचा लोहचुंबक त्यांनीच आणायला सांगितला होता, आंब्याच्या आकाराचा.
दाराच्या कडेला आंबा चिकटला.
मागच्या चाकावर धरला, तर गळून पडला.
"लांबी भरलीय इथं."
"मिलिटरीत असलं काम नसतं हो!"
"मिलिटरीनंतर असतं," खालून आवाज आला.

मग चासीवर हातोडी.
टण. टण. टण. थप्प.
"वेल्डिंग आहे. पण हात चांगला होता कुणाचा तरी."
चासी नंबरावर वहीचा कागद ठेवून मी पेन्सिल घासली,
सगळे आकडे उमटले, एक सोडून.
"हा एक की सात, ते आरटीओ विचारेल, मॅडम.
त्या दिवशी ढमढेरे लग्नाला गेलेले असतील.
लिलावाचं पत्र आधी, पैसे मागून."

क्लचच्या पायाचं रबर गुळगुळीत.
गिअरबॉक्सचं तेल काळं, त्यात चमकी, जत्रेतल्या गुलालात असते तशी.
शेवटी ट्रान्स्फर बॉक्सचा बोल्ट.
त्यांनी तेल तळहातावर घेतलं, उन्हात धरलं,
आणि बराच वेळ मधाकडे पाहावं तसं पाहत राहिले.
"ह्यातले दात कोरे आहेत.
ढमढेरे, ही डोंगर चढलीच नाही कधी.
सुटली, थांबली, सुटली. सिग्नलची गाडी आहे ही."

मागच्या सीटखाली माझा हात गेला:
अर्धा खोडरबर, वाळू,
आणि एक कोनमापक, त्यावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं
"५ वी ब".
ढमढेरे पत्र्याकडे बघायला लागले.
अकरा हजार तिथंच उतरले.

खरं सांगू, मला बर्फच हवा होता.
नोकरी संपल्यावर कुणाचा तरी पराक्रम
रोख पैसे देऊन घरी न्यायला आले होते मी.
आणि मिळत होती शाळेत सोडणारी, पावसात दप्तरं सांभाळणारी,
कँटोन्मेंटात बटाटे आणणारी.
"नको असेल तर सोडा," मिस्त्री हात पुसत म्हणाले.
"पण इंजिन खोकत नाही. आणि खालची मशिनरी, समजा, बिनवापरलेली."

संगमाजवळ, राडारोडा टाकलेल्या उतारावर तिला नेलं.
हब लॉक केले. लिव्हर बसेना. मिस्त्रींनी शिवी दिली, मला नाही, लिव्हरला.
दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही,
मग कुठूनतरी खोलून खट्ट,
आणि पुढची चाकंही हलली, विटांचे तुकडे खात.
"हळू. क्लच हळू सोडा. हिला ह्यातलं काही माहीत नाही अजून."

नाक वर झालं.
डॅशबोर्डवरचं कोनमापक
घसरत घसरत माझ्याकडे आलं.