प्लास्टिकचं हाड

बावन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर.
समोर प्लास्टिकची नडगी, पकडीत आवळलेली;
शिकवणारा पोरगा
परवापर्यंत माझ्याच हाताखाली प्लास्टर भिजवायचा.

"आवाज ऐका, सर. दुसरी भिंत फुटली
की ड्रिल तिथंच थांबवा."

थांबवलं.
पलीकडं ना शीर, ना रक्त.
पांढरा भुसा तेवढा बाहीवर.
प्लेट सरळ बसली.

बसव्वा तळवार. सात अंश, बाहेरच्या अंगाला.
चिकोडीच्या बाजारात
चालीवरून लांबूनच कळते.
अजून नमस्कार करते.

बेळगावहून निपाणी गाडी. पिशवीतून हाड डोकावलं.
कंडक्टर हसला, "यारदरी इदु?"
प्लास्टिकचं, म्हणणार होतो.
"तळवारांच्या बसव्वाचं."

"मग तिकीट नको," तो म्हणाला,
"बायकांना फुकट आहे."