शीळ

साल आठवत नाही. पोर्तुगीज होते एवढं खरं,
आणि राय गावच्या चर्चच्या हॉलवर नवे पत्रे चढले होते.
मेस्त एलियोदोरने ठरवलं, आता इटालियन ऑपेरा.
पुस्तकं वाचून वाचून विटलेला एक म्हातारा,
त्याचा आत्मा विकत घ्यायला आलेला सैतान,
शेवटी देवदूत. मला एवढंच कळलं होतं.

सैतान झाला पास्कुआल, शवपेट्या करणारा.
रिकाम्या विहिरीत घागर आपटावी तसा आवाज.
सैतानाचं काम सोपं, मेस्त म्हणाला,
सगळ्याला नाही म्हणायचं. आणि मधे मधे शीळ घालायची,
कागदावर तशी खूणच होती.
पण पास्कुआलचे पुढचे दोन दात
मे महिन्यात फणसाच्या फांदीबरोबर खाली आलेले.
फू, तो करायचा, फू,
देवदूत एकमेकांना चिमटे काढत हसायचे.

म्हणून मला बोलावलं. मी सगुण,
वायंगणात भातावरचे पोपट हाकलायचो.
आई म्हणाली, रात्री शीळ घालू नये, साप येतात.
मेस्त म्हणाला, येऊ देत. सुरात येऊ देत.

पडद्यामागे रॉकेलच्या डब्यावर मी उभा.
पुढे पास्कुआल ओठांचा चंबू करून,
आणि त्याच्या तोंडून माझी शीळ.
पहिल्या रांगेतल्या भाटकारणींनी छातीवर क्रूस काढला.
मला त्याची फक्त पाठ दिसायची,
झग्याला लाकडाचा भुसा,
ती पाठ फुगली की मी श्वास घ्यायचा.

शेवटाला गुलाब हवे होते. बोगनवेल मिळाली.
देवदूत मुठी भरभरून सैतानावर फेकतायत,
हार्मोनियम वर वर चढतंय,
आणि सैतानाने शीळ घालत घालत बुडायचं.
बुडायला जागा नव्हती. तो टेबलामागे बसला.
विगारने हात वर केला, पुरे.
मेस्तनेही बोट खाली आणलं.
टेबलामागून पास्कुआल वळून माझ्याकडे बघत होता,
केसांत बोगनवेल.
त्याने मान हलवली. नाही.

मी घातली. किती वेळ, ते सांगत नाही.

गेल्या चवथीच्या आधी पास्कुआल गेला.
पेटी मडगावहून आणलेली,
एक कोपरा नीट बसला नव्हता, त्याला खपला नसता.
मी सगळ्यांच्या मागे, चपला हातात.
परतताना बांधावर थांबून ओठ ओले केले.
माझेही दात आता मोजकेच.
पहिला सूर लागला, दुसऱ्याला नुसता वारा.
शेतापलीकडे कुणाचं तरी कुत्रं
उठून बसलं.