आदरार्थी

ग्लासगोत, नदीच्या त्या अंगाला, एक जुनं धुणंघर आहे.
पूर्वी इथे बायका चादरी उकळायच्या.
आता मंगळवारी, गुरुवारी माणसं येतात,
आणि भिंतींना अजून सोड्याचा वास येतो,
की मलाच येतो, कोण जाणे.

मी दुभाषी. त्सिगे माझं नाव,
पण दोन नंबरच्या खोलीत शिरताना
ते बाहेर खुंटीला टांगायचं, ओल्या कोटाशेजारी.
नियम असा, की समोरचा "मी" म्हणाला
तर मीही "मी"च म्हणायचं.
"तो म्हणतोय की..." असं नाही. मध्ये कुणी नको.

म्हणून या एका वर्षात
मी लिबियात सात महिने कोंडलेला होतो.
मी भावाचा हात सोडला, की त्यानं सोडला, आठवत नाही.
मी आजी आहे, मला भांडं पडल्याचा आवाज सोसत नाही.
मी सोळा वर्षांची, मी जेवले असं खोटं सांगते.
क्रियापदं बदलत गेली, तोंड एकच.
घरी नवरा विचारतो, दमलीस का,
आणि क्षणभर कळत नाही, हा कुणाला विचारतोय.

मॉर्व्हन बरी आहे. समोर बसते ती मॉर्व्हन.
हात नसलेल्या दोन रुंद खुर्च्या तिनं भांडून मिळवल्या.
पैशांसाठी दारापाशी बिस्किटांचा डबा,
त्याच्याकडे मुद्दाम पाठ करून बसते.
अर्जावरचा पहिला प्रश्नही तिचाच,
जन्मतारखेच्या आधीचा: हाक काय मारू?

नोव्हेंबरात एक जण आला.
आला, असं कागद म्हणत होता. बिन्याम, वय तेवीस.
पहिल्या प्रश्नापुढची जागा कोरी.
कोरी म्हणजे, पेन टेकवून उचललेलं. एक ठिपका.

आमच्या अम्हारिकमध्ये "तू" दोन आहेत.
पुरुषाला अंता, बाईला अंची.
मॉर्व्हनचा "यू" बापडा,
दारामागच्या रेनकोटासारखा, कुणालाही होतो.
ती विचारून मोकळी होते, झोप लागते का?
आणि त्या अर्ध्या श्वासात निवड मला करायची असते.

मी ठिपक्याकडे पाहिलं.
आणि "इर्स्वो" म्हणाले.
आजोबांना म्हणतात ते. धर्मगुरूंना, न्यायाधीशाला.
त्यात बाई मावते, पुरुष मावतो,
आणि ज्यांनी अजून सांगितलेलं नाही, तेही.
तेवीस वर्षांच्या जिवाला अहोजाहो!
समोरची मान वर झाली. हसू नव्हतं ते,
हिशेब होता.

सहा आठवडे आम्ही तसेच बसलो.
जेवलात का. त्या रात्री काय ऐकलंत.
खोलीतल्या बाकीच्या चौघांना काय सांगितलंत.
इतका आदर मी माझ्या बापालाही दिला नव्हता.

सातव्या गुरुवारी हीटर बंद होता.
मॉर्व्हनच्या अंगावर कुणाचा तरी भलामोठा स्वेटर.
तिनं विचारलं, मी उलथवून पुढे केलं:
शेवटचं निवांत कधी झोपलात?

"अंची."
जमिनीकडे बघत. मला वाटलं, मलाच हाक.
"मला. मला अंची म्हणा. आणि मेरोन."

आता हे इंग्रजीत कसं न्यायचं?
"मला यू म्हणा", असं झालं असतं.
सहा आठवडे ती यूच तर म्हणत होती.
मी हात वर केला. म्हणाले,
दुभाषीला एक मिनिट हवंय, स्वतःसाठी.
खुंटीवरचं नाव आत आणलं, आणि
मॉर्व्हनला आमचं व्याकरण समजावलं, घाईघाईत, वाईट.
ती "ओह" म्हणाली. मग गप्प.
मग तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पहिल्यापासून.

मेरोन,
शेवटची निवांत कधी झोपली होतीस?

उत्तर नाही.
हीटरच्या नळीत काहीतरी ठकठकलं.
स्वेटरच्या बाहीत मॉर्व्हनचे हात दिसत नव्हते.

"थांबा," मेरोन म्हणाली,
"परत विचारा."

मी ते इंग्रजीत सांगितलंच नाही.
नियम मोडला.
परत विचारलं.